मंजुरीची सही करण्यापूर्वी : नाशिकमधील प्राणी नैतिकता समित्यांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सर्व सन्माननीय सदस्य,
संस्थात्मक प्राणी नैतिकता समित्या,
नाशिक शहर व जिल्ह्यातील औषधनिर्माणशास्त्र, आयुर्वेद व वैद्यकीय महाविद्यालये

विषय : प्राण्यांवरील संशोधनाच्या प्रस्तावांची छाननी करताना प्रयोगाची रचनाही तपासण्याबाबत

महोदय, महोदया,

पशुसंवर्धनाच्या सेवेतून निवृत्त झाल्यावर पशुवैद्य या नात्याने अशा समित्यांच्या बैठकांना बसण्याची संधी मला मिळाली, आणि त्या अनुभवावरूनच हे पत्र लिहीत आहे. प्राण्यांवरील संशोधन सरसकट बंद करावे, असे माझे म्हणणे नाही. ज्या लसी मी आयुष्यभर गाई-म्हशींना टोचल्या, त्यांतील प्रत्येक लस आधी कुठल्या तरी प्राण्यावर तपासली गेली होती, हे विसरून मला बोलता येणार नाही. माझी तक्रार वेगळी आणि बरीच मर्यादित आहे. आपल्या समित्या पिंजऱ्याचे माप, खाद्य, भूल आणि प्रयोगानंतर प्राण्याचे काय होणार या बाबी बऱ्यापैकी काळजीने पाहतात. परंतु मांडलेल्या प्रयोगातून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळणार तरी आहे का, हे मात्र क्वचितच विचारतात. ज्या प्रयोगातून काहीच निष्पन्न होऊ शकत नाही, त्यातील प्राणी स्वच्छ पिंजऱ्यात वाढला तरी वायाच जातो.

कायदाही याच बाजूने आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम १४ ने प्राण्यांवरील प्रयोगांना जी मोकळीक दिली आहे, ती नव्या शोधातून शरीरक्रियेच्या ज्ञानात भर घालण्यासाठी, किंवा जीव वाचवण्यास, आयुष्य वाढवण्यास, वेदना कमी करण्यास अथवा रोगाशी लढण्यास उपयोगी पडेल असे ज्ञान मिळवण्यासाठी आहे, मग तो रोग माणसाचा असो, जनावराचा असो की वनस्पतीचा. कलम १७ पुढे सांगते की केवळ हस्तकौशल्य मिळवण्यासाठी प्रयोग करू नयेत आणि पुस्तके, प्रतिकृती, चित्रफिती यांनी काम भागत असेल तेथे प्रयोग टाळावेत. पदव्युत्तर पदवीच्या प्रबंधात एक प्रायोगिक प्रकरण असावे, हा हेतू या यादीत कोठेही नाही. आणि आपल्यासमोर येणाऱ्या प्रस्तावांपैकी अनेकांचा खरा हेतू तोच असतो, हे आपण सर्वजण जाणतो.

एक नेहमीचा प्रस्ताव डोळ्यांसमोर आणावा. एखाद्या वनस्पतीच्या पानांचा अर्क काढायचा, पांढऱ्या उंदराच्या मागच्या पंजात कॅराजीनन टोचून सूज आणायची, ठरावीक तासांनी प्लेथिस्मोमीटरवर पंजाचे आकारमान मोजायचे आणि अर्काने सूज किती उतरली हे पाहायचे. ही पद्धत १९६२ पासून जगभर वापरात आहे आणि तिच्याविषयी प्रसिद्ध झालेली आकडेवारी मुबलक आहे. प्रस्तावात पाच गट असतात : एक उपचाराविना, एक परिचित औषधाचा आणि तीन अर्काच्या वाढत्या मात्रांचे. प्रत्येक गटात सहा उंदीर. सहाच का, असे विचारल्यावर विद्यार्थी मार्गदर्शकाकडे पाहतो आणि मार्गदर्शक सांगतात की सर्वजण सहाच घेतात.

आता हा आकडा तपासून पाहू. किती फरक अपेक्षित आहे याचा काहीच अंदाज नसेल, तर संख्या ठरवण्याची एक सोपी रीत आहे : एकूण प्राण्यांमधून एकूण गट वजा करावेत आणि उत्तर १० ते २० च्या दरम्यान आहे का ते पाहावे. पाच गटांत सहा-सहा म्हणजे ३० प्राणी. त्यातून ५ वजा केले की उरतात २५, म्हणजे मर्यादेपेक्षा जास्त. गटात पाच उंदीर घेतले असते तर उत्तर बरोबर २० आले असते आणि पाच जीव वाचले असते. याउलट दोनच गटांच्या प्रयोगात सहा-सहा घेतले तर १२ मधून २ वजा जाऊन १० उरतात, म्हणजे एखादा उंदीर प्रयोगादरम्यान दगावला तरी आकडा खालच्या मर्यादेच्याही खाली जातो. एकच सवयीचा आकडा एका ठिकाणी जास्त ठरतो आणि दुसऱ्या ठिकाणी जेमतेम. शिवाय ही रीत अडल्या वेळची आहे. कॅराजीननसारख्या जुन्या पद्धतीत मापांत चढउतार किती असतो हे आधीच्या निबंधांतून मिळते, त्यामुळे अपेक्षित फरक धरून नमुनासंख्येचे रीतसर गणित मांडता येते आणि ते प्रस्तावात असलेच पाहिजे, असा आग्रह आपण धरायला हवा.

संख्येहून अधिक घोळ होतो तो प्रयोगाचे एकक, म्हणजे ज्याला उपचार स्वतंत्रपणे दिला जातो तो घटक, ओळखण्यात. औषध प्रत्येक उंदराला नळीने वेगळे पाजले असेल तर एक उंदीर हे एकक धरणे योग्य आहे. पण औषध पाण्याच्या बाटलीत किंवा खाद्यात मिसळून संपूर्ण पिंजऱ्याला दिले असेल, तर एकक पिंजरा ठरतो, आणि एका पिंजऱ्यातील सहा उंदरांची मोजणी सहा नव्हे तर एकच धरावी लागते. अशा प्रयोगात एक पिंजरा औषधाचा आणि एक पिंजरा विनाऔषधाचा ठेवला, तर बाराच्या बारा उंदरांचा जीव घेऊनही हाती तुलना उरते ती एकास एकाची. पिंजरा खिडकीजवळ होता की दाराजवळ, एवढ्यानेही तीत फरक पडू शकतो.

गट पाडण्याचेही तसेच आहे. पेटीत हात घातल्यावर आधी हाती लागतो तो सुस्त किंवा आजारी उंदीर. चपळ उंदीर शेवटी सापडतो. हाती येतील तसे पहिले सहा पहिल्या गटात टाकले तर औषध देण्यापूर्वीच गटांत फरक पडलेला असतो. संगणकाने किंवा साध्या चिठ्ठ्या टाकून वाटणी करायला एक पैसा लागत नाही. पंजाचे माप घेणाऱ्याला तो उंदीर कोणत्या गटातला आहे हे ठाऊक नसणे, यालाही खर्च नाही. एका सहकाऱ्याने पिंजऱ्यांवर सांकेतिक क्रमांक लिहिले की काम झाले. तरीही या दोन गोष्टींचा स्पष्ट उल्लेख असलेले प्रस्ताव मला फार थोडे दिसले.

यावर नेहमी एक आक्षेप घेतला जातो की रचना पाहणे हे मार्गदर्शकाचे किंवा संशोधन समितीचे काम आहे. नैतिकता समितीने प्राण्यांच्या कल्याणापुरते पाहावे. हा आक्षेप मला पटत नाही. वापर टाळणे, संख्या कमी करणे आणि यातना कमी करणे ही तीन तत्त्वे रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडली आणि आज आपले प्रत्येक प्रपत्र त्यांच्यावरच उभे आहे. संख्या कमी करणे हे त्यांतील दुसरे तत्त्व संख्याशास्त्राशिवाय पाळणे शक्यच नाही. नियमांनुसार समितीत पशुवैद्य असतो, संस्थेबाहेरचा शास्त्रज्ञ असतो, विज्ञानाबाहेरील सामाजिक जाणीव असलेली व्यक्ती असते, प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय समितीने नेमलेला प्रतिनिधी असतो. संख्याशास्त्रज्ञ मात्र सक्तीचा नाही. परंतु त्याला निमंत्रित म्हणून बोलावण्यास कोणताही नियम आड येत नाही, आणि नाशिकमध्ये संख्याशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांची वाण नाही.

विषारीपणाच्या चाचण्यांबद्दल थोडक्यातच लिहितो. निम्मे प्राणी मरतील अशी मात्रा शोधण्याची जुनी पद्धत, म्हणजे ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची ४०१ क्रमांकाची मार्गदर्शिका, २००२ मध्येच रद्द झाली. तिच्या जागी आलेल्या ४२३ क्रमांकाच्या पद्धतीत एका टप्प्याला तीनच प्राणी लागतात आणि पुढचा टप्पा आधीचा निकाल पाहूनच ठरतो. ज्या वनस्पतीच्या त्याच अर्काची अशी तपासणी आधी झालेली आहे, ती केवळ आपल्या महाविद्यालयात झाली नाही म्हणून पुन्हा करण्याचे कारण मला दिसत नाही.

वर म्हटलेल्या सुजेच्या प्रयोगांत तुलनेसाठी जे परिचित औषध घेतात ते पुष्कळदा डायक्लोफेनॅक असते. या औषधाची दुसरी कहाणी आपल्या जिल्ह्याशी जोडलेली आहे. अंजनेरीच्या कड्यांवर आजही लांब चोचीची गिधाडे घरटी करतात आणि हरसूलजवळच्या खोरीपाड्याला वनविभाग व गावकऱ्यांनी गिधाडांसाठी उपाहारगृह, म्हणजे मेलेली जनावरे त्यांना खाण्यासाठी ठेवण्याची जागा, चालवले आहे. गाई-म्हशींच्या वेदनेवर आम्ही पशुवैद्य डायक्लोफेनॅक सर्रास वापरत होतो. इंजेक्शन दिले की जनावर लवकर उठते, म्हणून पशुपालकही तेच मागत. गाईला ते मानवत होते. मेलेल्या गाईचे मांस खाणाऱ्या पक्ष्याला मानवते का, हा प्रश्नच कोणी विचारलेला नव्हता. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००४ मध्ये पाकिस्तानातील अभ्यासातून कारण पुढे आले : औषधाचा अंश असलेले मांस खाल्ल्याने गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होत होते आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर साचत होता.

त्यानंतर पर्यायी औषध शोधण्याचे जे काम झाले ते प्रत्येक समितीने आदर्श म्हणून समोर ठेवावे, असे मला वाटते. आधीच दुर्मिळ झालेल्या पक्ष्यांवर औषध तपासायचे होते. एकही पक्षी वाया घालवणे परवडणारे नव्हते. म्हणून संशोधकांनी प्रथम प्राणिसंग्रहालये आणि पक्षी-उपचार केंद्रांतील पशुवैद्यांकडून माहिती गोळा केली की गिधाडे व तत्सम पक्ष्यांना कोणती वेदनाशामके दिली गेली आणि पुढे काय झाले. या जुन्या नोंदींतून मेलॉक्सिकॅमचे नाव पुढे आले. मग तुलनेने अधिक संख्येने असलेल्या आफ्रिकी गिधाडांवर टप्प्याटप्प्याने मात्रा वाढवत चाचणी झाली, आणि तेथे ते सुरक्षित ठरल्यावरच आपल्याकडच्या गिधाडांना ते देण्यात आले. हे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी भारत सरकारने पशुवैद्यकीय डायक्लोफेनॅकवर बंदी घालण्याचे पाऊल उचलले. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या जनावरांसाठी वापरल्या जात होत्या, म्हणून २०१५ मध्ये कुपीचे आकारमान ३ मिलिलिटरवर आणले गेले. जनावराच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफेनॅकमध्येच रूपांतरित होणारे ॲसेक्लोफेनॅक, आणि त्याच्या जोडीला केटोप्रोफेन, यांच्यावर जनावरांसाठी बंदी यायला २०२३ उजाडले. थोडे प्राणी, आधीच्या माहितीचा पुरेपूर उपयोग, प्रत्येक टप्प्यावर थांबण्याची तयारी आणि निष्कर्ष सर्वांसमोर मांडणे : या साऱ्यामुळे त्या चाचण्यांत वापरलेल्या पक्ष्यांचा उपयोग अंजनेरीच्या कड्यापर्यंत पोहोचला.

प्राण्याच्या जागी दुसरे काही वापरता येते का, हा प्रश्न प्रपत्रात असतो आणि त्यापुढे बहुधा ‘नाही’ एवढेच लिहिलेले असते. कुत्रा चावल्यावर पोटात घ्याव्या लागणाऱ्या चौदा इंजेक्शनांची धास्ती माझ्या पिढीला आठवत असेल. ती लस मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवून तयार होत असे. मेंढ्या तर जातच, पण मेंदूच्या ऊतींमुळे काही रुग्णांना मज्जासंस्थेचे गंभीर विकारही होत. पेशीसंवर्धनावर वाढवलेल्या लसी आल्या आणि २००५ पर्यंत भारतातून मेंढीच्या मेंदूची लस हद्दपार झाली. त्यात प्राण्याचा फायदा झाला तसा माणसाचाही झाला. सर्वच बाबतींत असे घडलेले नाही, हेही प्रामाणिकपणे म्हणावे लागेल. सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर सर्पदंशाच्या रुग्णाला दिली जाणारी प्रतिविषाची कुपी अजूनही घोड्याच्या रक्तापासून बनते, आणि तिचा एक मिलिलिटर नागाचे ०.६ मिलिग्रॅम, घोणसाचे ०.६, मण्याराचे ०.४५ व फुरशाचे ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करतो की नाही, याची खात्री उंदरांवरच करावी लागते. ती चाचणी उद्यापासून बंद करा, असे मी म्हणणार नाही. मात्र २०२३ मध्ये नव्या औषधांविषयीच्या नियमांत दुरुस्ती होऊन पेशी व ऊतींवर आधारित चाचण्यांना वाट मोकळी झालेली असताना, ‘नाही’ या एका शब्दावर समितीने समाधान मानू नये. शोध कोठे घेतला आणि काय सापडले, हे अर्जदाराने लिहून द्यावे.

प्राणिगृहाच्या स्थितीबद्दल वेगळ्या अंगाने एक गोष्ट मांडतो. मार्गदर्शक तत्त्वांत तापमान १८ ते २९ अंश सेल्सिअस सांगितले आहे. थंडीत निफाडचा पारा एक आकडी होतो आणि एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचा चाळिशीला टेकतो. वीज गेली आणि जनित्र केवळ कार्यालयाला जोडलेले असेल, तर प्राणिगृहात त्या दिवशी काय घडले याची नोंद प्रबंधात कोठेच येत नाही. थंडीने आखडलेल्या किंवा उन्हाने धापा टाकणाऱ्या उंदराची साखर, वजन आणि वेदना सहन करण्याची क्षमता बदललेली असते, आणि तो बदल अर्काच्या खात्यात जमा होतो. हाताळणीचेही असेच आहे. शेपटीला धरून उचललेले उंदीर हे नळीत घेऊन किंवा ओंजळीत उचललेल्या उंदरांपेक्षा अधिक भेदरलेले राहतात, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासाने दाखवले. एक साधी प्लास्टिकची नळी पिंजऱ्यात ठेवण्याचा हा प्रश्न आहे.

आता गावांतील अभ्यासांकडे वळतो. पशुपालकांच्या गोठ्यात जाऊन रक्ताचे किंवा दुधाचे नमुने घेण्याचे प्रस्ताव वाढत आहेत, हे चांगले आहे. प्रयोगशाळेतील उंदरापेक्षा इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात वाढलेल्या डांगी गाईबद्दलचे प्रश्न आपल्या शेतकऱ्याच्या अधिक कामाचे आहेत. तेलकट कातडीमुळे मुसळधार पावसात टिकून राहणाऱ्या या जातीवर संकरित होल्स्टीन गाईंवरचे निष्कर्ष जसेच्या तसे लादता येत नाहीत. परंतु अशा अभ्यासांत मालकाची संमती पुष्कळदा तोंडी घेतली जाते, आणि अहवाल त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. गाभण गाई शेवटच्या महिन्यांत गाभडत असल्याने एका वस्तीवर सांसर्गिक गर्भपाताच्या, म्हणजे ब्रुसेलोसिसच्या, तपासणीसाठी नमुने घेतले गेले होते. काही काळाने मी तेथे गेलो तेव्हा लोकांना निकाल ठाऊक नव्हता आणि गाभडलेल्या गाईची वार घरातील स्त्रिया उघड्या हातांनी उचलत होत्या. हा रोग कच्च्या दुधातून आणि अशा वारेतून माणसाला होतो, त्याने महिनोन्‌महिने ताप आणि सांधेदुखी राहते. ज्या अभ्यासाचा निकाल त्या घराला सांगितला जाणार नाही, त्याला मंजुरी देताना समितीने थांबावे.

याच विषयात रचनेची एक मोठी फसगतही होते. २०१९ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ४ ते ८ महिने वयाच्या कालवडींना ब्रुसेलोसिसची लस टोचली जाते. लस टोचलेल्या कालवडीच्या रक्तात प्रतिपिंडे सापडणारच. लसीकरणाची नोंद आणि जनावराच्या कानातील बिल्ल्याचा क्रमांक न घेता केलेल्या सर्वेक्षणात लसीचा परिणाम रोग म्हणून मोजला जाण्याचा धोका राहतो. संमतीपत्र मराठीत असावे, त्यात निकाल कोणत्या तारखेपर्यंत व कोणाकडून कळवला जाईल हे लिहिलेले असावे, आणि नमुन्याच्या अर्जात लसीकरणाचा रकाना असावा, एवढे तरी सक्तीचे करता येईल.

अखेरचा मुद्दा निष्कर्ष प्रसिद्ध करण्याचा. अर्काने सूज उतरली नाही, तर तो प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात जातो आणि काही वर्षांनी शेजारच्या तालुक्यातील महाविद्यालय तोच अर्क, तेच उंदीर आणि तोच प्रश्न घेऊन दुसऱ्या समितीपुढे उभे राहते. माणसांवरील औषध-चाचण्यांची नोंदणी भारतात २००९ पासून बंधनकारक आहे. प्राण्यांवरील अभ्यासांसाठी तशी सक्ती नाही, पण युरोपात ऐच्छिक नोंदवह्या सुरू झाल्या आहेत. नाशिकमधील समित्यांना एवढ्या मोठ्या यंत्रणेची वाट पाहण्याची गरज नाही. मंजूर झालेल्या प्रत्येक प्रस्तावाचे शीर्षक, प्राण्याची जात व संख्या, मुख्य मोजमाप आणि प्रयोग पूर्ण झाल्यावर हो किंवा नाही अशा स्वरूपाचा निष्कर्ष, एवढी एक सामाईक यादी सर्व महाविद्यालयांनी मिळून ठेवली, तरी पुष्कळ पुनरावृत्ती आपोआप थांबेल. निष्कर्ष लिहिण्यासाठी २०१० मध्ये आलेली आणि २०२० मध्ये सुधारलेली ‘अराईव्ह’ मार्गदर्शक सूची उपलब्ध आहे. ती प्रबंध लिहिताना नव्हे, तर प्रस्ताव लिहितानाच विद्यार्थ्याच्या हाती द्यावी.

विद्यार्थ्यांची अडचण मी जाणतो. पदव्युत्तर अभ्यासक्रमाची मुदत ठरलेली असते, मंजुरीला वेळ लागतो, आणि प्राण्यांविना प्रबंध कमी दर्जाचा ठरेल अशी भीती त्यांना घातलेली असते. ही भीती दूर करणे मार्गदर्शकांच्या हाती आहे. कॅराजीननच्या एकाच पद्धतीवर भारतात झालेल्या अभ्यासांचा पद्धतशीर आढावा घेऊन त्यांपैकी किती ठिकाणी वाटणी चिठ्ठ्यांनी झाली आणि किती ठिकाणी मोजणाऱ्याला गट माहीत नव्हता, हे शोधणारा प्रबंध एकही उंदीर न वापरता होऊ शकतो, आणि तो तिसाव्या अर्काच्या प्रयोगापेक्षा अधिक वाचला जाईल.

माझी विनंती अशी की आपल्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, प्रस्तावाच्या प्रपत्राला संख्येचे गणित, प्रयोगाचे एकक, वाटणीची रीत, माप घेणाऱ्यापासून गट लपवण्याची व्यवस्था आणि निष्कर्ष कळवण्याची तारीख असे रकाने जोडावेत, आणि ते रिकामे असलेला प्रस्ताव चर्चेला न घेता परत पाठवावा. सामाईक यादीचा कच्चा नमुना तयार करण्यास मी आणि काही निवृत्त सहकारी विनामोबदला वेळ देण्यास तयार आहोत. आपापल्या समितीचा निर्णय, तो नकाराचा असला तरी, इतिवृत्तात कारणांसह नोंदवावा, ही अपेक्षा.

कळावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पशुवैद्य,
नाशिक